ऑफिसात परस्पर सुरू केलेला स्वतःचा प्रोजेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नोकरी करणाऱ्या प्रोग्रामरसाठी आहे. कोणी सांगितलेलं नाही, जिरामध्ये (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तिकीट नाही, पण डोक्यातून जात नाही असं काहीतरी बनवायचंय, किंवा अर्धं बनवून झालंय, अशांसाठी. कायद्याचे उल्लेख भारतातले आहेत. बाहेरचे असतील तिथे तसं सांगितलंय.

यात मूनलायटिंग येतं का?

नाही. दुसऱ्या कंपनीचा पगार घेणं हा वेगळा विषय. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, तो वाद त्याचा होता. इथे दोनच प्रकार धरलेत. एक, ऑफिसच्याच कामासाठी पण न विचारता केलेलं टूल किंवा सुधारणा. दोन, घरी स्वतःसाठी केलेला प्रोजेक्ट. दोन्हीचे नियम वेगळे आहेत आणि बहुतेक घोटाळे ते मिसळल्यामुळे होतात.

गुपचूप चालणाऱ्या प्रोजेक्टला 'स्कंक वर्क्स' हा शब्दही सर्रास वापरतात, पण लॉकहीड या विमान कंपनीचं मूळ स्कंक वर्क्स (१९४३, केली जॉन्सन) गुपित असलं तरी मंजूर होतं. अमेरिकन हवाई दलालाच विमान हवं होतं आणि एक्सपी-८० हे जेट १४३ दिवसांत तयार झालं. तुमच्या मागे हवाई दल नाही, हे लक्षात असू द्या.

सरळ विचारूनच का करू नये?

विचारता येत असेल तर विचाराच. अडचण अशी की कल्पना कागदावर असताना मॅनेजरला 'हो' म्हणणं महाग पडतं. त्याला तास कुठून काढायचे, तारीख काय, क्लायंटला काय सांगायचं याची उत्तरं द्यावी लागतात. 'नाही' म्हणायला काहीच लागत नाही. तीच गोष्ट चालती दाखवली की त्याला फक्त 'पुढे काय' एवढंच ठरवायचं असतं.

विंडोजचं उदाहरण घ्या. १९८८ साली मायक्रोसॉफ्टचा सगळा भर आयबीएमसोबतच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमवर होता. विंडोज ६४० केबी मेमरीच्या मर्यादेत घुसमटत होतं. त्या उन्हाळ्यात डेव्हिड वाइझ आणि मरे सार्जंट यांनी, सार्जंटने लिहिलेला डीबगर हाताशी घेऊन, विंडोज तुकड्यातुकड्याने प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जास्त मेमरी वापरू देणाऱ्या पद्धतीत, नेलं. चालतं झाल्यावरच वर दाखवलं. २२ मे १९९० ला विंडोज ३.० आलं ते त्या पायावर. आधी परवानगी मागितली असती तर 'ओएस/२ आहे की' हे उत्तर मिळालं असतं, आणि कागदावर ते बरोबरही ठरलं असतं.

मग न विचारता काय केलेलं चालतं आणि काय नाही?

स्वतःचा वेळ आणि स्वतःची मेहनत यांचा धोका तुम्ही न विचारता घेऊ शकता. दुसऱ्याची वस्तू घेऊ शकत नाही. ग्राहकांचा डेटा, प्रॉडक्शन सर्व्हर, दुसऱ्याचं लॉगिन, क्लायंटचा कोड, कंपनीच्या क्लाउड खात्यावरचा खर्च आणि कंपनीच्या नावाने बाहेर काही प्रसिद्ध करणं, या सगळ्याला परवानगी लागते. 'बघून लगेच डिलीट करणार होतो' हे उत्तर चौकशीत चालत नाही.

सहा महिने गुपचूप टूल बनवणाऱ्याला मॅनेजर रागावतो, मग अप्रेझलमध्ये तेच टूल स्वतःच्या स्लाइडवर टाकतो. ग्राहकांची दोनशे नावं टेस्टिंगसाठी स्वतःच्या जीमेलवर पाठवणाऱ्याला एचआर बोलावतं, आणि तिथे टूल किती छान आहे हे कोणी विचारत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवणं, कॉपी करणं यालाच लागू होतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

युनिक्ससुद्धा असंच परस्पर जन्मलं ना?

बरंचसं. बेल लॅब्ज ही संशोधन संस्था १९६९ मध्ये मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातून बाहेर पडली. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांनी नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मोठं यंत्र मागितलं, ते नाकारलं गेलं. मग कोणी फारसं वापरत नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक थॉम्पसनला सापडला आणि त्यावर काम सुरू झालं.

या गोष्टीचा जो भाग सहसा सांगत नाहीत तो जास्त कामाचा आहे. पुढचं यंत्र, पीडीपी-११, मिळालं ते 'आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम करायची आहे' म्हणून नव्हे. मजकूर लिहायची आणि मांडायची सोय करून देतो, असं सांगून ते मिळवलं. १९७१ मध्ये बेल लॅब्जच्या पेटंट विभागात त्यावर खरोखर टायपिंग सुरू झालं. आवडीच्या कामाला संस्थेतल्या एका विभागाची खरी गरज जोडली आणि ती पूर्णही केली.

आणि ॲपलमधला तो कॅल्क्युलेटर?

तीही खरी गोष्ट. रॉन अविट्झर ॲपलमध्ये कंत्राटी प्रोग्रामर होता. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याचा प्रकल्प रद्द झाला. शेवटचं बिल दे, म्हणजे कंत्राट बंद करू, असं त्याला सांगितलं. त्याने बिल दिलंच नाही, त्यामुळे प्रवेशाचा बॅज चालू राहिला. ग्रेग रॉबिन्स हा दुसरा कंत्राटी मित्र सोबतीला आला. कोणी विचारलं की हा सांगायचा मी त्याला रिपोर्ट करतो, तो सांगायचा मी ह्याला. पुढे बॅज बंद झाले तेव्हा इतरांच्या पाठोपाठ आत शिरत राहिले. १९९४ मध्ये पॉवर मॅकिंटॉशसोबत त्यांचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर बाहेर पडला.

वाचायला मजा येते, पण दोन गोष्टी नोंदवून ठेवा. त्या काळात त्यांना पगार मिळत नव्हता. आणि आज बॅज बंद असताना दुसऱ्याच्या मागून हिंजवडीच्या एखाद्या कॅम्पसमध्ये शिरलात तर सिक्युरिटी आधी तुमचा लॅपटॉप जमा करेल, मग बाकीचं बोलेल.

उलटी बाजू हवी असेल तर नल्सॉफ्टची. एओएलने विकत घेतलेल्या या छोट्या कंपनीने १४ मार्च २००० ला न्यूटेला हे फाइल वाटायचं सॉफ्टवेअर मालक कंपनीला न विचारता थेट डाउनलोडला ठेवलं. एओएल तेव्हा टाइम वॉर्नर या संगीत-चित्रपटवाल्या कंपनीत विलीन होऊ घातली होती. एका दिवसात पान उतरवलं गेलं. तोवर हजारोंनी उतरवून घेतलं होतं आणि प्रोटोकॉल पुढे इतरांनी चालू ठेवला. घराबाहेर गेलेलं सॉफ्टवेअर परत आणता येत नाही.

सुरू करण्याआधी कोणते कागद वाचायचे?

चार. नेमणूकपत्र किंवा एम्प्लॉयमेंट ॲग्रीमेंट, त्यासोबत सही केलेला एनडीए (गोपनीयतेचा करार), इंट्रानेटवरची कॉम्प्युटर वापराची पॉलिसी आणि असली तर ओपन सोर्स पॉलिसी. अर्धा तास पुरतो.

करारात बौद्धिक संपदेचं कलम शोधा आणि त्यातली व्याप्ती बघा. 'नोकरीच्या कामाच्या ओघात' असं लिहिलं असेल तर घरच्या प्रोजेक्टला जागा आहे. 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही' असं असेल तर रविवारी रात्री केलेलंही ते मागू शकतात. तो दावा टिकेल का हा पुढचा प्रश्न, पण वाद तुमच्या दारात येईल. त्याखालोखाल पूर्णवेळ सेवेचं कलम बघा. काही करारांत फक्त 'दुसरी नोकरी' मना असते, काहींत 'कोणताही व्यवसाय, मोबदल्यासह वा मोबदल्याविना'. शेवटचे तीन शब्द असतील तर घरच्या ॲपसाठीसुद्धा लेखी 'हो' घ्या.

करारात काहीच नसेल तर कोडचा मालक कोण?

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम १७(सी) नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, उलट करार नसेल तर. म्हणजे ऑफिसच्या कामासाठी केलेलं टूल कंपनीचंच, तुम्ही ते शनिवारी लिहिलं असलं तरी. कामाशी संबंध नसलेलं, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळात केलेलं तुमचं. मधल्या पट्ट्यात पुरावे बोलतात.

सर्व्हिस कंपनीत काम करतो. फरक पडतो का?

फार पडतो, आणि पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना हाच लागू आहे. इथे दोन नाही, तीन पक्ष असतात: तुम्ही, तुमची कंपनी आणि क्लायंट. क्लायंटसोबतच्या करारात त्याच्या पैशाने आणि त्याच्या यंत्रावर झालेलं काम बहुधा क्लायंटच्या मालकीचं लिहिलेलं असतं. क्लायंटच्या व्हीडीआयवर (त्याच्या सर्व्हरवरच्या, दुरून वापरायच्या डेस्कटॉपवर) बसून तुम्ही 'आपल्या टीमसाठी' टूल केलंत तर ते तुमच्या कंपनीचंसुद्धा नसू शकतं, आणि दुसऱ्या क्लायंटच्या प्रोजेक्टला ते वापरलं की तुमच्या डिलिव्हरी हेडची झोप उडते.

म्हणून ऑफिसचं टूल कंपनीच्या लॅपटॉपवर, क्लायंटच्या नेटवर्कबाहेर आणि क्लायंटचा एकही तपशील नसताना लिहा. टेबलांची नावं, आयपी पत्ते, एरर मेसेजचा मजकूर हे सगळं कॉन्फिग फाइलमध्ये वेगळं राहू द्या, म्हणजे उरलेलं टूल कुठेही नेता येतं.

टाइमशीटमध्ये क्लायंटच्या तासांवर हे काम मात्र कधीही लिहू नका. टूल कितीही उपयोगी असो, टाइम अँड मटेरियल, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेण्याच्या, करारात ती खोटी बिलिंग होते आणि त्यात मॅनेजर तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही. बेंचवर, म्हणजे कुठल्याच क्लायंटच्या प्रोजेक्टवर नसाल तर 'अंतर्गत' किंवा 'ट्रेनिंग' असा कोड असतो, तो वापरा.

प्रोजेक्ट कुठला निवडावा?

ज्याला खरा डेटा लागतच नाही, असा. एक उदाहरण जवळून बघू, पुढच्या उत्तरांतही तेच वापरू: फॉर्म आणि डेटाबेसमध्ये देवनागरी नावं तुटतात का, हे तपासणारी स्क्रिप्ट.

'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये ते १० कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा वेगळा क्रमांक) आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे ३० बाइट. आता टेबलात नावाची जागा २० आहे. मायएसक्यूएलमध्ये तो आकडा कोडपॉइंटचा असतो, नाव आरामात बसतं. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर तो बाइटचा धरला जातो आणि घालताना एरर येतो. तो एरर टाळायला कोणीतरी मधल्या कोडमध्ये २० बाइटांवर कापतं. सहा कोडपॉइंटचे १८ बाइट जातात, 'श'चे दोन बाइट लोंबकळत राहतात, आणि पावतीवर 'ज्ञाने' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकट छापला जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड न मानणाऱ्या जुन्या कोलेशनचा साधा व्हारचार (मजकुराचा कॉलम) असेल तर पूर्ण नावाचीच प्रश्नचिन्हं होतात.

'कऱ्हाडकर' आणखी खोडकर. त्यातला अर्धा र तीन पद्धतींनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, र, नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप, केलं की दुसरा पहिल्यात मिसळतो, तिसरा मिसळत नाही. त्यामुळे नाव डेटाबेसमध्ये असूनही सर्चला सापडत नाही आणि सपोर्टवाले 'युझरने चुकीचं टाइप केलं' म्हणून तिकीट बंद करतात.

अशी पंचवीसेक नावं हाताने लिहिली की चाचणीचा डेटा तयार. कोणाही ग्राहकाची माहिती लागली नाही, हा याचा मोठा गुण.

वेळ किती घालावा?

पहिल्या चालत्या रूपाला २० तास, दोन-तीन आठवड्यांत पसरून. त्यात काहीच चालत नसेल तर कल्पना मोठी आहे, तिचा तुकडा करा. आधी हाताने करायला किती वेळ लागतो तो मोजून लिहून ठेवा, कारण नंतर कोणी मोजू देत नाही. समजा रोज दोनदा ४० मिनिटं कोणीतरी लॉग चाळतं. कामाचे २२ दिवस धरले तर महिन्याला १,७६० मिनिटं, म्हणजे २९ तासांवर. हा एक आकडा डेमोत दहा स्लाइडचं काम करतो.

नेमून दिलेलं काम या काळात घसरलं तर बाकी सगळं विसरा. स्प्रिंटमधलं एक तिकीट अडकलं असताना कोणी तुमचं टूल कौतुकाने बघणार नाही.

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात जास्त काय बिघडतं?

पासवर्ड. स्क्रिप्टमध्ये स्वतःचं लॉगिन घालून ठेवतात. ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो, स्क्रिप्ट जुनाच घेऊन दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावते, पाचेक प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं. तुम्ही उघडून घेता, स्क्रिप्ट पुन्हा लॉक करते. हेल्पडेस्क शेवटी कुठल्या यंत्रावरून प्रयत्न होतायत ते काढतं आणि भांडं फुटतं. फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं वेगळं सर्व्हिस खातं मिळेपर्यंत स्क्रिप्ट हाताने चालवा, पासवर्ड दर वेळी विचारू द्या.

दुसरं, क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय. लॅपटॉप झोपला की क्रॉन चुकतो आणि चुकल्याचं सांगत नाही. सर्व्हरवर घड्याळ बहुधा यूटीसी असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ९ ला हवं असलेलं काम ३:३० ला लावावं लागतं, नाहीतर ते दुपारी अडीचला चालतं. शिवाय क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही, म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे 'कमांड सापडली नाही' म्हणते. सगळे पाथ पूर्ण लिहा, आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा.

तिसरं, डेटाबेसवरचा भार. 'फक्त सिलेक्टच तर आहे' हे वाक्य घात करतं. इंडेक्स नसलेल्या तारखेच्या कॉलमवर महिनाअखेरीला चालवलेली क्वेरी पूर्ण टेबल चाळते आणि खऱ्या कामाचा वेग पडतो. टेस्टच्या डेटाबेसवर चालवा. परवानगी मिळून प्रॉडक्शनला गेलात तर रीड रेप्लिकावर (फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीवर), ३० सेकंदांचा टाइमआउट लावून, ओळींची मर्यादा घालून.

चौथं, क्लाउड. कंपनीच्या खात्यावर 'थोडा वेळ' म्हणून सुरू केलेलं यंत्र विसरलं जातं. त्यावर कोणाचा टॅग नसतो, महिनाअखेरीस बिल बघणारा माणूस शोधत येतो. आधी वापराची पॉलिसी बघा. सँडबॉक्स खातं असेल तर तेच वापरा, टॅगमध्ये स्वतःचं नाव आणि बंद करायची तारीख घाला.

स्क्रिप्टचा निकाल साठवायला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. एसक्यूलाइटची एक फाइल पुरते.

कोड कुठे ठेवावा?

ऑफिसचं टूल कंपनीच्या गिटमध्ये, स्वतःच्या नावाच्या जागेत. ते गिटहबच्या खासगी रेपोमध्येसुद्धा ठेवू नका. 'खासगी आहे' हे तुमच्या दृष्टीने, कंपनीच्या दृष्टीने कोड बाहेर गेला. घरचा प्रोजेक्ट घरच्या खात्यात. गिटमध्ये कमिटवर पडणारा ईमेल रेपोनुसार वेगळा ठेवता येतो. घरच्या प्रोजेक्टच्या इतिहासात ऑफिसचा ईमेल दिसला की मालकीच्या वादात तो तुमच्या विरुद्ध जातो.

एपीआय की चुकून कमिट झाली तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. आधी की रद्द करून नवी घ्या, मग इतिहास साफ करा. क्रम महत्त्वाचा.

बाहेरच्या एआय टूलमध्ये कोड पेस्ट केला तर?

कंपनीने दिलेलं असेल तर पॉलिसीत बसेल तेवढं. स्वतःच्या खात्यावरून कंपनीचा किंवा क्लायंटचा कोड, लॉग, टेबलांची रचना पेस्ट करणं म्हणजे ते बाहेर पाठवणं.

दाखवायचं कधी आणि कोणाला?

सुरू केल्याच्या दिवशीच 'दाखवायची तारीख' ठरवा, सहा आठवड्यांच्या आतली. तारीख नसली की प्रोजेक्ट आणखी एका फीचरसाठी लपलेलाच राहतो, आणि जितका उशीर तितकं 'सांगितलं का नाही' हे वजनदार होतं.

आधी शेजारच्या सहकाऱ्याला द्या आणि स्वतः कीबोर्डला हात लावू नका. त्याला इन्स्टॉल करायला किती मिनिटं लागली ते बघा. मग टीम लीड, मग मॅनेजर. मॅनेजरला पहिल्यांदा ते क्लायंटसमोर किंवा त्याच्या बॉससमोर दिसता कामा नये. तो कौतुक करेल आणि विसरणार नाही.

डेमो सात-आठ मिनिटांचा. 'ज्ञानेश्वर' भरा, पावती काढा, तुटलेलं नाव दाखवा. मग स्क्रिप्ट चालवून त्याच फॉर्ममध्ये आणखी कुठली नावं तुटतात ती यादी दाखवा. सोबत एका पानावर लिहून द्या: अडचण काय, वेळ किती वाचतो, टूल कुठल्या डेटाला हात लावतं, बंद कसं करायचं, पुढे कोण सांभाळणार. शेवटच्या मुद्द्यावरच मॅनेजर अडतात, म्हणून तिथे तुमच्यासोबत दुसऱ्या एकाचं नाव हवं, अर्थात त्याला विचारून.

'बंद कर' म्हणाले तर?

बंद करा. न विचारता करणं आणि नाही म्हटल्यावर करत राहणं यांत नोकरीच्या नियमांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुसरा प्रकार म्हणजे आज्ञाभंग. मात्र कारण विचारा. 'आत्ता नको' असेल तर पुढच्या तिमाहीची नोंद करून घ्या. सिक्युरिटीचं कारण असेल तर त्यांनाच भेटून काय बदललं की चालेल ते विचारा. ते लोक वाटतात तितके अडेल नसतात, त्यांना आधी कोणी विचारत नाही इतकंच.

श्रेय दुसऱ्यानेच घेतलं तर?

पूर्ण टाळता येत नाही. कमिटचा इतिहास तुमच्या नावाचा, रीडमीत लेखकाचं नाव, आणि डेमोनंतर त्याच दिवशी 'दाखवलेल्या टूलची लिंक' असा साधा ईमेल, एवढं केलं की पुढे बोलायला आधार राहतो.

टूल सगळे वापरू लागले. आता रोज फोन येतात, काय करू?

पकडले जाण्यापेक्षा हा शेवट जास्त वेळा होतो आणि त्याची तयारी कोणीच करत नाही. टीम टूलवर विसंबते, तुम्ही गणपतीला गावी असता, कशेडी घाटात रेंज नसते आणि रिलीज अडतो. त्या दिवशी ते टूल 'हौशीचं' राहिलेलं नसतं.

म्हणून दहाव्या वापरकर्त्याच्या आधी चार गोष्टी उरका. रीडमीत इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या नवख्याला जमतील अशा लिहा. एका कमांडने बंद होण्याची सोय ठेवा. टूल बंद असताना काम हाताने कसं करायचं ते लिहा. आणि जोडीदाराकडून एक बदल त्याच्याच हाताने करून घ्या. मग मॅनेजरकडून आठवड्याचे दोन तास देखभालीसाठी लेखी मागा. मिळत नसतील तर वापर वाढवू नका.

घरचा प्रोजेक्ट पूर्ण वेगळा ठेवायचा म्हणजे नेमकं काय?

वेगळा लॅपटॉप, घरचं इंटरनेट, स्वतःची खाती, स्वतःच्या पैशाने घेतलेलं डोमेन आणि होस्टिंग, त्यांच्या पावत्या जपलेल्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर 'फक्त पाच मिनिटं' सुद्धा नाही, कारण नेमका त्याच यंत्राचा लॉग पुढे निघतो. विषय कंपनीच्या धंद्यापासून लांबचा असावा. बँकिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत राहून घरी कर्जाचं ॲप करू नका. कमाई सुरू होणार असेल तर त्याआधी एचआरकडून लेखी मंजुरी.

अमेरिकेत आहे. तिथे काय वेगळं?

कॅलिफोर्नियात लेबर कोडचं कलम २८७० कर्मचाऱ्याच्या बाजूचं आहे. पूर्णपणे स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं आणि गुपितं न वापरता केलेला शोध करारात लिहून घेतला तरी कंपनीला मागता येत नाही. अपवाद दोन: तो कंपनीच्या धंद्याशी किंवा चालू असलेल्या वा होणार हे दाखवता येणाऱ्या संशोधनाशी निगडित असेल, किंवा कंपनीसाठी केलेल्या कामातून आलेला असेल. मोठ्या कंपन्यांचा धंदा इतका पसरलेला असतो की पहिल्या अपवादातून सुटणं अवघड. प्रत्येक राज्यात असा कायदा नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मालकीपेक्षा मोठा प्रश्न कमाईचा: व्हिसा ठरावीक मालकापुरता असतो. ॲपवर जाहिराती लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

ऑफिसचं टूल ओपन सोर्स करता येईल का?

कंपनीची लेखी परवानगी घेऊन. जुना रेपो तसाच उघडा करू नका, त्याच्या इतिहासात सर्व्हरची नावं आणि सहकाऱ्यांचे ईमेल असतात. नवा रेपो, पहिलं कमिट स्वच्छ कोडचं, कॉपीराइटच्या ओळीत कंपनीचं नाव. आत वापरलेल्या लायब्ररींचे परवाने तपासा: एमआयटी आणि अपाची २.० सहसा अडत नाहीत, जीपीएल असेल तर तुमच्या टूललाही तीच अट लागते, एजीपीएलमध्ये ती नेटवर्कवरून वापर करू दिला तरी लागू होते. आणि ज्या कोडवर परवानाच लिहिलेला नाही तो फुकट नसतो, त्याचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे असतात.

नोकरी सोडताना टूल सोबत नेता येतं का?

नाही. राजीनाम्यानंतर मागच्या काही आठवड्यांत काय कॉपी झालं हे कंपन्या मुद्दाम बघतात, त्यामुळे नोटीस पिरियडमध्ये पेनड्राइव्ह किंवा स्वतःच्या ड्राइव्हकडे फिरकूसुद्धा नका. डोक्यातलं ज्ञान तुमचं आहे. कऱ्हाडकर तीन पद्धतींनी टाइप होतं हे कोणाचं गुपित नाही, ते तपासणारी स्क्रिप्ट नव्या ठिकाणी पाटी कोरी ठेवून पुन्हा लिहिता येते, आणि दुसऱ्यांदा ती चार तासांत होते. नोकरी सोडल्यावर त्या क्षेत्रात कामच करायचं नाही अशी अट करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

जाण्याआधी टूलचं सर्व्हिस खातं दुसऱ्याच्या नावे करा, क्रॉनमधल्या नोंदी दाखवून द्या, आणि तुमच्या वैयक्तिक टोकनवर काही चालत असेल तर ते शेवटच्या दिवसाच्या आधी बदला. तुमचं खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, आणि टोकन त्याच्यासोबत.